गोव्यावरचा शोधनिबंध संपादकाच्या टेबलावरूनच परत येतो तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, समजण्यात काही चुकलं असेल तर सांगा. फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात तुम्ही समाजशास्त्र शिकवता. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा कसा मिळाला, यावर तुमची पीएचडी झाली. त्यातलं चौथं प्रकरण इंग्रजीत नीट करून वंश आणि वांशिकतेवरच्या एका परदेशी नियतकालिकाला पाठवलंत. नऊ दिवसांत दोन ओळींचं उत्तर आलं: परीक्षकांकडे पाठवत नाही, आमच्या वाचकांसाठी व्यापक महत्त्व स्पष्ट होत नाही. त्याच आठवड्यात दुसरा एक मेल आला, पंधरा दिवसांत छापून देतो, सहा हजार रुपये भरा. पदोन्नतीची फाईल डोक्यावर आहे. आता काय करावं?

दुसऱ्या मेलला उत्तर देऊ नका. का, ते पुढे येईलच.

परत आलेल्या निबंधाची तुम्ही तीन कारणं लावली आहेत: इंग्रजी कमी पडलं, गोवा लहान, परदेशी लोक आपल्याला उभं करत नाहीत. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, या क्षेत्रातली मोठी नियतकालिकं अमेरिका-ब्रिटनच्या प्रश्नांभोवतीच वाढली. पण तुमच्या निबंधाची अडचण वेगळीच आहे. तुम्ही दिलेला सारांश असा सुरू होतो: ‘गावडा हा गोव्यातील मूळ रहिवासी समाज असून त्याची स्वतंत्र संस्कृती, सण, वेशभूषा व चालीरीती आहेत. सदर निबंधात या समाजाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा व त्यास मिळालेल्या मान्यतेचा आढावा घेतला आहे.’

संपादक पहिल्या चाळणीत शीर्षक, सारांश, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद आणि संदर्भसूची बघतो. पूर्ण निबंध तो वाचत नाही. वरच्या दोन वाक्यांतून त्याला कळतं की हा एका समाजाचा परिचय आहे. गावड्यांबद्दल ज्याला आधीच कुतूहल नाही, त्यानं हा निबंध का वाचावा, याचं उत्तर त्यात नाही. ‘आढावा’ हा शब्द तर सारांशातून कायमचा काढा. प्रबंधाच्या समितीला आढावा चालतो, नियतकालिकाला दावा लागतो.

दावा तुमच्याकडे आहे, पण तो तक्त्यात पुरला गेलाय. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे लोक ५६६. २०११ मध्ये १,४९,२७५, म्हणजे लोकसंख्येच्या १०.२३ टक्के. तक्त्याखाली तुम्ही लिहिलंय, ‘लक्षणीय वाढ दिसून येते.’ जाणकार परीक्षक इथेच थांबेल, कारण ही वाढ नाहीच. माणसं तीच, गावं तीच, यादी बदलली. जानेवारी २००३ मध्ये कुणबी, गावडा आणि वेळीप यादीत आले, म्हणून पुढच्या मोजणीत दिसले.

मग आधीचे ५६६ कोण? इथे निबंधाचा गाभा आहे. १९६८ च्या आदेशात गोवा, दमण आणि दीव या एकत्र केंद्रशासित प्रदेशासाठी पाच जमाती नोंदल्या गेल्या: धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली. यातल्या बहुतेक दमणच्या बाजूच्या. ३० मे १९८७ ला गोवा वेगळं राज्य झालं आणि दमणला शोभणारी यादी गोव्याच्या पदरात राहिली. म्हणजे सोळा वर्षं या राज्याकडे जमातींची अधिकृत यादी होती, पण राज्यातल्या डोंगरपट्ट्यातले लोक तिच्यात नव्हते. एखादा जनसमूह ‘आहे’ की ‘नाही’ हे प्रशासकीय हद्दीच्या योगायोगानं कसं ठरतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण फारसं मिळत नाही. साओ पावलोत वा शिकागोत बसलेल्या वाचकालाही ते उमगेल, कारण त्यांच्याकडेही हाच वाद चालू असतो. अमेरिकेनं २०२४ मध्ये वंशाच्या सरकारी वर्गवारीत मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेचा वेगळा गट घातला. त्या दिवशी कुणाचं रक्त बदललं नाही, रकाना बदलला.

याला जोडून एक सापळा आहे. आपल्याकडचे बरेच निबंध ‘ब्रिटिश जनगणनेनं जाती-जमाती गोठवल्या’ या वाक्यानं सुरू होतात. गोव्यावर लिहिताना हे वाक्य चालत नाही. १९०१ ची ब्रिटिश जनगणना आयुक्त रिझली यांची वर्गवारी असो की १९३१ ची जनगणना, गोवा त्यात नव्हता. इथे पोर्तुगीज राज्य होतं आणि ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकलं. त्यामुळे भारतीय राज्यसंस्थेची जमातीची कल्पना गोव्यात तयार स्वरूपात आणि उशिरा आली. तुमच्या प्रस्तावनेत ब्रिटिश जनगणनेवर दीड पान आहे. ते काढून तिथे हा फरक लिहा. दीड पानाचं अर्धं पान होईल आणि निबंधाला स्वतःचा कणा येईल.

दुसरं सोनं म्हणजे निकष. लोकूर समितीनं १९६५ मध्ये जमात ओळखण्यासाठी पाच खुणा धरल्या: आदिम वैशिष्ट्यं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतर समाजाशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. आता पणजीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या, चर्चमध्ये लग्न लागलेल्या गावडा बाईला हे निकष लावून बघा. ‘संपर्काचा संकोच’ कुठे मोजणार? त्यात गावडा हे एक नाव आणि त्याखाली तीन वाटा: हिंदू गावडे, ख्रिस्ती गावडे, आणि १९२८ च्या शुद्धी चळवळीत मसूरकर महाराजांच्या पुढाकारानं हिंदू झालेले नवहिंदू गावडे. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे, जमातीचा नाही. त्यामुळे जात, धर्म आणि जमात या तीन वर्गवाऱ्या एकाच कुटुंबशाखेतून आडव्या जातात. तुमच्या मुलाखतींत हे सगळं आहे, पण ‘धार्मिक जीवन’ या उपशीर्षकाखाली शिमगा आणि फेस्ताच्या वर्णनात हरवलंय.

याच मालमसाल्यावर सारांश असा उभा राहतो: ‘२००१ ते २०११ या दहा वर्षांत गोव्यातील अनुसूचित जमातींची नोंद ५६६ वरून १,४९,२७५ झाली. हा निबंध दाखवतो की हा बदल लोकसंख्येचा नसून यादीचा आहे, आणि यादीत येण्यासाठी तीन धार्मिक वाटांनी विभागलेल्या समाजाला स्वतःचं एकच रूप राज्यापुढे मांडावं लागलं. मुलाखती आणि सरकारी कागदपत्रांच्या आधारे जमात-दर्जाचे निकष समूहाची सीमा नुसती ओळखतात की घडवतात, हे तपासलं आहे.’ तीन वाक्यं, पहिल्यात कोडं, दुसऱ्यात दावा, तिसऱ्यात पुरावा आणि व्यापक प्रश्न. शब्द तुमचे असू द्या, क्रम हा ठेवा.

आता ‘वंश’ या शब्दाबद्दल, कारण परदेशी नियतकालिकाच्या नावात तो आहे आणि तुम्ही तो बिचकत वापरलाय. मराठीत वंश म्हणजे कुळाची परंपराही आणि शरीरलक्षणांवरून केलेली मानवांची विभागणीही, शिवाय एथ्निसिटीला आपण ‘वांशिकता’ म्हणतो. त्यामुळे मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवताना दोन वेगळ्या संकल्पना एकमेकींत मिसळतात. तुमच्या पाचव्या पानावर एकदा गावडे ‘रेस’ आहेत, सातव्या पानावर ‘एथ्निक ग्रुप’, नवव्यावर ‘इंडिजिनस’. एक निवडा, का निवडलं ते एका परिच्छेदात सांगा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

जात म्हणजे वंशच, असं म्हणायचं की नाही? हा वाद जुना आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बेरमन यांनी १९६० मध्ये भारतातली जात आणि अमेरिकेतला वंशभेद यांची तुलना मांडली. २००१ च्या डर्बनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी परिषदेच्या वेळी जात ही वंशभेदाच्या चौकटीत आणावी ही मागणी झाली, तेव्हा समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी कडाडून विरोध केला. त्याआधी, १९३२ मध्ये, आपल्या शेजारच्या मालवणच्या समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी रिझली यांची नाकाची मापं तपासून जातीची उतरंड वंशावरून ठरते हा त्यांचा सिद्धांत उत्तर हिंदुस्थानाबाहेर टिकत नाही असं दाखवलं होतं. तुमच्या निबंधाला यात बाजू घ्यायची गरज नाही. मात्र हा वाद झालाच नाही असं वागणंही चालणार नाही. चार वाक्यं पुरेत: वाद असा आहे, मी जातीला वंश म्हणत नाही, मी वर्गवारी घडण्याची प्रक्रिया बघते, आणि त्या प्रक्रियेसाठी दोन्हींकडचं लिखाण उपयोगी आहे.

नियतकालिक कोणतं, हे तुमचा दावा कुणाशी बोलतो यावर अवलंबून आहे. माझी साधी कसोटी: त्या नियतकालिकातले गेल्या तीन-चार वर्षांतले पाच निबंध असे सापडले पाहिजेत ज्यांना तुमचा निबंध उत्तर देतो वा पुढे नेतो. नाही सापडले तर जागा चुकली. ‘एथ्निक अँड रेशियल स्टडीज’ १९७८ पासून आहे आणि जगभरातली उदाहरणं घेतं. ‘एथ्निसिटीज’ २००१ पासूनचं, ओळख आणि राज्यसंस्था यांच्या संबंधाला तिथे जागा आहे. ‘सोशिऑलॉजी ऑफ रेस अँड एथ्निसिटी’ अमेरिकन समाजशास्त्र संघटनेच्या वंश-वांशिकता विभागाचं, २०१५ ला सुरू झालेलं. तिथला संवाद बराचसा अमेरिकेतला, त्यामुळे गोव्याचा निबंध तिथे घुसवायला सैद्धांतिक पूल भक्कम लागतो. ब्रँडाइस विद्यापीठातून निघणारं ‘कास्ट’ २०२० पासूनचं, मुक्त प्रवेशाचं, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं.

तुमच्या जागी मी पहिली फेरी ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टु इंडियन सोशिऑलॉजी’ किंवा ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’कडे करेन. परदेशापेक्षा ती सोपी म्हणून नव्हे, पहिलं तर भलतंच चोखंदळ आहे. पण लोकूर निकष, १९६८ चा आदेश, शुद्धी चळवळ हे तिथल्या परीक्षकाला समजावण्यात तुमचे हजार शब्द जाणार नाहीत. जमात-दर्जाच्या मागण्यांवर दार्जिलिंगच्या संदर्भात टाउनसेंड मिडलटन यांचं काम आहे, त्याच्याशी बोललात तर तुमचा निबंध एकदम एका चालू चर्चेत जाऊन बसतो. तुमच्या संदर्भसूचीत ते नाही आणि परीक्षक पहिल्याच ओळीत विचारेल. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हाही पर्याय, तिथे विशेष लेखाची मर्यादा टिपा आणि संदर्भ धरून ८,००० शब्द आहे. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

प्रकरणाचा निबंध करताना कापाकापी निर्दय लागते. तुमचं प्रकरण अठरा हजार शब्दांचं. त्यातले गोव्याचा इतिहास, तालुक्यांची माहिती आणि पद्धतिशास्त्राची व्याख्या हे तिन्ही भाग मिळून साडेसातशे शब्दांत बसवा. उरलेल्यातून एकच दावा ठेवा. मुंडकारांच्या हक्काचा भाग चांगला आहे, तो दुसरा निबंध होईल. त्या निमित्तानं एक दुरुस्ती: तुम्ही मुंडकार आणि कूळ दोघांनाही ‘टेनंट’ केलंय. कूळ जमीन कसतो, त्याचा कायदा १९६४ चा. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर बांधून राहतो, त्याचा कायदा १९७५ चा. शब्द मूळचाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या. बाहेरच्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘भायलो’ आणि ‘घांटी’ या शब्दांचंही तसंच. ‘आउटसायडर’ लिहिलं की शब्दातला तुच्छतेचा कडवटपणा जातो, आणि तुमच्या विषयात तो कडवटपणा हाच पुरावा आहे.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढलाय, म्हणजे साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तुमच्याच मजकुरावर लाल रेघा मारणार. पाठवतानाच्या पत्रात सरळ लिहा की निबंध पीएचडी प्रबंधातल्या अमुक प्रकरणावर आधारित आहे आणि इतरत्र प्रकाशित नाही. संपादक ते साम्य वेगळं काढून बघतात. न सांगता पाठवलं तर तेच साम्य संशयास्पद दिसतं. लेखकाचं नाव झाकताना शीर्षकपान वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचं आणि वर्डच्या फाईल-माहितीतलं नावही पुसायचं. हे दुसरं निम्मे लोक विसरतात. ‘माझ्या आधीच्या लेखात’ असंही कुठे राहू देऊ नका.

गावाचं नाव बदलल्यानं माणसं झाकली जातात, हा समज गोव्यात फार धोक्याचा आहे. बारा तालुके, पंधरा लाखांच्या आतबाहेर वस्ती. ‘सांगे तालुक्यातलं, बंद खाणीशेजारचं, वेळीप बहुसंख्य असलेलं, अमुक देवीच्या देवळाचं गाव’ असं लिहिलंत तर केपेपासून काणकोणापर्यंत कुणीही नाव सांगेल. आणि ‘माजी महिला पंच, वय ५२’ म्हटल्यावर घराचा दरवाजाही सापडेल. देवळाचं नाव, प्रभाग, पद आणि वय या चारांतले एका माणसाबद्दल दोनच द्या. तालुक्याऐवजी ‘दक्षिण गोव्याचा अंतर्भाग’ पुरतं. ज्यांनी आंदोलनात जाहीर भूमिका घेतल्या, त्या जाहीर भूमिका नावानिशी, वर्तमानपत्राच्या संदर्भासह द्या. त्याच माणसाची खाजगी मुलाखत मात्र वेगळ्या, निनावी ओळखीनं.

नैतिक मान्यतेचं कलम फॉर्ममध्ये असतंच. तुमच्या क्षेत्रकार्याच्या वेळी विद्यापीठात समिती असेल तर मान्यतेचा क्रमांक लिहा. नसेल तर मागच्या तारखेचं पत्र मिळवण्याच्या भानगडीत पडू नका. समिती नव्हती, संमती तोंडी घेतली, कोणत्या भाषेत, काय समजावलं, रेकॉर्डिंगला नकार देणाऱ्यांचं काय केलं, हे पाच ओळींत खरं खरं लिहा. बहुतेक संपादकांना ते चालतं.

आता पैसे. वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक नियतकालिकांत लेखकाला काही भरावं लागत नाही. स्वीकृतीनंतर एक पान येतं, त्यात ‘मुक्त प्रवेश’ निवडलं तर हजारो डॉलर्सचं बिल, ‘वर्गणी’ निवडलं तर शून्य. घाबरून निबंध मागे घेणारे लोक असतात, म्हणून सांगतो. वाचायला मिळण्याचा प्रश्न असेल तर जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी शिक्षणसंस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं खुली आहेत. तुमचं कॉलेज त्यात बसतं का, ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर सरकारी संस्थेतला एखादा सहकारी गाठा.

सहा हजारांच्या मेलकडे येतो. परीक्षकाला निबंध वाचायलाच तीन ते सहा आठवडे दिले जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत छापणारा तो वाचतच नाही. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ कुठल्या अनोळखी कंपनीचा आहे ते बघा. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, त्याच्या अधिकृत पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते बघा. जुन्या नामांकित नियतकालिकाच्या नावानं बनावट संकेतस्थळ काढणारेही आहेत, म्हणून दुवा नेहमी प्रकाशकाच्या मुख्य पानावरून उघडा. पैसे जातात हे एक वेळ सोसता येईल. खरं नुकसान असं की एकदा तिथे छापला गेला की तो निबंध दुसरीकडे देता येत नाही, आणि मागे घ्यायचा म्हटलं तर त्याचेही पैसे मागतात. ५६६ चा तक्ता अशा ठिकाणी घालवू नका.

पदोन्नतीचं गणित तुमच्या तारखेवर अवलंबून आहे. चांगल्या ठिकाणी पहिला निर्णय यायला तीन ते आठ महिने, दुरुस्त्या धरून वर्ष ते दीड वर्ष सहज जातं. फाईल चार महिन्यांत द्यायची असेल तर हा निबंध त्या फाईलसाठी नाही, हे आजच मान्य करा. कुणी ‘केअर यादीतलंच (यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतलंच) हवं’ म्हणत असेल तर यूजीसीनं ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि निवडीचे निकष संस्थांवर सोपवले. तुमच्या कॉलेजचे निकष लेखी मागून घ्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका. तातडीची गरज एखाद्या संपादित ग्रंथातल्या प्रकरणानं भागते का, तेही बघा. मुंडकारांचा भाग तिथे जाऊ शकेल.

परीक्षण आलं की पहिले दोन दिवस काही लिहू नका. मग तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकाचं म्हणणं जसंच्या तसं, तुम्ही काय केलं, कोणत्या पानावर. ‘जमात हा शब्दच वसाहतवादी आहे’ अशी शेरेबाजी हमखास येते. तिथे वाद न घालता लिहा की हा शब्द कायद्यातला आहे, लोक तोच हक्काच्या भाषेत वापरतात आणि निबंध त्याच वापराचा अभ्यास करतो. सूचना पटली नाही तर करू नका, पण का नाही ते सांगा. बरेच परीक्षक कारण मागतात, आज्ञापालन नव्हे.

आणि छपाईपूर्व प्रूफ येईल तेव्हा कॅलेंडर मोकळं ठेवा, साधारण दोन-तीन दिवसच मिळतात. ‘गावडा’ सरकारी अधिसूचनेत डब्ल्यू घालून लिहिलाय, जुन्या लिखाणात यू घालून. तुम्ही कोणतं रूप घेतलंय ते पहिल्याच टिपेत नोंदवा. नाहीतर लांब कुठेतरी बसलेला मुद्रितशोधक त्याचं ‘गौडा’ करून टाकतो, आणि मग वाचक तुमचा निबंध कर्नाटकातल्या गौडांचा म्हणून वाचू लागतात.